चाचपणी

हॅलिफॅक्सच्या कौन्सिलात, तिसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला खेटून माझं टेबल.
कचरा, कर, पार्किंग, दफनभूमीतली जागा:
गावाला काय हवं असेल ते
माझ्या पानांमधून मागावं लागतं.
कायदा म्हणतो, प्रत्येकाला मागता आलं पाहिजे.
माझ्या यादीत बावन्न खुणा होत्या, बावन्नही हिरव्या.

मंगळवारी ईनिड ऑकरॉइड आल्या.
वय एक्क्याऐंशी, पांढरी काठी घडी करून पर्समध्ये.
चाळीस वर्षं कारखान्यात टॉफीला कागद गुंडाळलेला.
"बोटं अजून कामावर आहेत माझी," म्हणाल्या
आणि टॅब दाबला.

टॅब. बटण.
टॅब. बटण.
टॅब. चित्र, आय एम जी चार हजार चारशे एकाहत्तर.
टॅब. बटण.
"कसलं बटण?"
त्यांनी मला नाही, यंत्राला विचारलं.
यंत्र म्हणालं, बटण.
मदत करायची नाही असा नियम,
म्हणून मी हात मांडीखाली दाबून बसलो.

लहानपणी सांगलीत आम्ही आंधळी कोशिंबीर खेळायचो.
ज्याच्यावर राज्य, त्याच्या डोळ्यांवर ताईची ओढणी,
तीनदा गरगर फिरवायचं
आणि मग सगळे गप्प.
मजा त्या गप्प राहण्यातच होती.
इतकी वर्षं मी पानं बनवली, तीही तशीच.

चाचणी आणि चाचपणी, फरक एका ‘प’चा.
पगार मला चाचणीचा मिळतो.

त्यांना हवं होतं ते साधंच:
दाराला सहा पायऱ्या, पुढे शेवाळलेला दगडी उतार,
कचऱ्याच्या पेट्या रस्त्यापर्यंत न्यायला कुणीतरी.
घरून तीनदा अर्ज भरला, तीनदा उत्तर आलं,
तुमची वेळ संपली आहे.
"मी म्हटलं, अजून नाही रे बाबा."

अर्ध्यावर त्या अडल्या.
गोल बटण, निवडलेलं नाही.
गोल बटण, निवडलेलं नाही.
"यातलं ‘हो’ कुठलं आणि ‘नाही’ कुठलं?"
मी पाहिलं. प्रश्न वर होता, ठळक, निळा,
खाली हो आणि नाही, शेजारी शेजारी.
पडद्यावर एका घरातले,
कोडमध्ये एकमेकांना अनोळखी.
दुरुस्ती चार ओळींची. चहा निवायच्या आत झाली.
"आता बघा," म्हणालो आणि जीभ चावली.
"बघते की," त्या म्हणाल्या.

टॅब.
आणि यंत्रानं आपल्या इस्त्रीच्या आवाजात
पहिल्यांदाच पूर्ण प्रश्न विचारला:
पेट्या बाहेर नेऊ शकेल असं
घरात दुसरं कोणी राहतं का?

बोटं थांबली.
रेडिएटरच्या पोटात पाणी गुरगुरलं.
फेब्रुवारीपर्यंत क्लिफर्ड नेत असत,
दर गुरुवारी, घरातल्या सपाता घालून, शिट्टी वाजवत.
हे मला नंतर कळलं.
तेव्हा इतकंच दिसलं की
‘हो’वरून ‘नाही’वर जायला बाणाची एक कळ लागते
आणि त्यांना वेळ लागतोय.
वेळ संपवणारं घड्याळ मी सकाळीच काढून टाकलं होतं.
पान थांबून राहिलं.

"नीट विचारतंय आता," त्या म्हणाल्या.
"सगळ्यांना असंच विचारतं?"
सगळ्यांना.
"मग ठीक आहे."

कोट चढवताना आठवण झाली.
ते चार हजार काहीतरी, ते चित्र कसलं?
एक जोडपं आहे. हसतंय. हातात फुलांची कुंडी.
"कचऱ्याशी काही संबंध?"
नाही.
"मग मला कशाला सांगता?"

संध्याकाळी खिडकीबाहेर टेकडीवर दिवे लागत होते.
चित्राच्या वर्णनासाठी असलेल्या जागेत
मी दोन अवतरणचिन्हं ठेवली, मधे काहीच नाही.
तसं केलं की यंत्र
त्या जोडप्यापाशी थांबत नाही,
न बोलता पुढे जातं.
टॅब.